टोपलीची परतफेड

तारिहा गावात एखादीचं तोंड बंद करायचं असेल तर तिला टोपली पाठवायची. ही युक्ती डॉक्टर मिर्था बेहारानो यांना कुणी शिकवली नव्हती. काही माणसांना असल्या गोष्टी उपजतच येतात. कार्निव्हलच्या तोंडावर कोमाद्रेंचा गुरुवार येतो. त्या दिवशी बायका एकमेकींना फळांच्या, फुलांच्या, वर पांढरी साखर थापलेल्या गोल रोस्केते पावांच्या टोपल्या देतात. घेणारीनं पहिला घास खाल्ला की ती देणारीची जन्माची कोमाद्रे, मानलेली सखी, झाली. बहिणीशी भांडता येतं, नवऱ्याला हाकलता येतं, पण कोमाद्रेला वाकडा शब्द बोलता येत नाही. घेतलेली टोपली पुढच्या वर्षी थोडी जड करून परत करायची, एवढीच अट.

डॉक्टरबाईंच्या बाळंतपणाच्या दवाखान्यात सहा सहायिका होत्या आणि सहाही जणी डॉक्टरबाईंच्या कोमाद्रे होत्या. इंजेक्शन टोचणं, बीपी बघणं, टाके काढणं, फरशीवरचं रक्त पुसणं, कळा देणाऱ्या बाईच्या हातात आपलं मनगट देऊन तिच्या शिव्या ऐकणं, हे सगळं त्यांनीच करायचं. पगार सरकारनं ठरवलेल्या किमान आकड्याच्याही खाली, आणि पांढरा गणवेश स्वतःच्या खर्चानं. दर मे महिन्यात सरकार पगारवाढ जाहीर करायचं. ती वाढ दवाखान्याच्या फाटकापर्यंत यायची आणि तिथूनच माघारी फिरायची. कुणी धीर करून विचारलंच तर डॉक्टरबाई दोन्ही तळव्यांत तिचा चेहरा धरायच्या आणि म्हणायच्या, "कोमाद्रे, आपल्यात हे व्यवहाराचं बोलणं कधीपासून आलं गं?" झालं. विचारणारीच खजील होऊन बादली-फडकं उचलायची. वर फेब्रुवारीत डॉक्टरबाईंची टोपली जड करून फेडायची, म्हणजे अर्धा पगार पुन्हा त्यांच्याच घरी जायचा.

नेलिदा गारेका त्या सहांतली सगळ्यांत जुनी. तिनं अठरा-एकोणीस वर्षं अशा टोपल्या घेतल्या होत्या आणि फेडल्या होत्या, तोंडातून ब्र न काढता. मग तिच्या आईच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, थंडी सुरू व्हायच्या आत, म्हणजे मे-जूनच्या आत ऑपरेशन करा, नंतर माझ्या हातात काही नाही. जानेवारीत नेलिदा डॉक्टरबाईंच्या खोलीत जाऊन उभी राहिली.

"डॉक्टरबाई, मला उसने नकोत. मागल्या मे महिन्यात सरकारनं वाढ दिली ना, तेवढी माझी राहिलेली द्या. आईचं ऑपरेशन होऊन जाईल."

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. "नेली, आज मला डॉक्टरबाई का म्हणतेयस?"

"बरं, कोमाद्रे. तेवढी वाढ द्या."

"वाढ नोकरांना देतात गं. तू नोकर आहेस का इथे? इतकी वर्षं माझं मीठ खाल्लंस, घरच्यासारखी वावरलीस. आता आपल्या मधे सरकारला आणणार का तू?"

"सरकारला नाही आणत. आईचे डोळे आणलेत."

"मी चाग्वायाच्या माउलीला तिच्यासाठी मेणबत्ती लावीन," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि त्यांनी नेलिदाचा चेहरा तळव्यांत धरला.

मेणबत्ती त्यांनी खरोखर लावली असेल. मेणबत्ती स्वस्त असते.

पुढच्या महिन्यात, कोमाद्रेंच्या गुरुवारी टोपली आली, दरवर्षीपेक्षा मोठी. डॉक्टरबाईंचा ड्रायव्हर आणि एक फोटो काढणारा असे दोघे आले होते. नेलिदाला दारात उभं करून, टोपली हातात देऊन, हस म्हणून सांगून फोटो काढला. दुपारी तो दवाखान्याच्या फेसबुकवर होता, खाली लिहिलं होतं, 'आमचं कुटुंब'. टोपलीत रोस्केते होते, त्यांवर गुलाबी साखरेत दवाखान्याचं नाव काढलेलं. द्राक्षं होती, अंजिरं होती, गावरान चीजची चकती होती, सब्ज्याची जुडी होती, आणि मधोमध पीचच्या मुरांब्याची एक बरणी.

आई टेबलाशी बसून एकेक वस्तू चाचपत होती. एलोदिया तिचं नाव. तेव्हा तिला कडेकडेचं दिसायचं बंद झालं होतं आणि मधलं धुरकट दिसायचं. बरणीच्या तोंडावर लोकरीच्या दोऱ्यानं कापड बांधलेलं होतं. त्याच्या लोकरीवर तिची बोटं थांबली.

"नेली, ही बरणी माझी आहे."

"बरण्या सगळ्यांकडे सारख्याच असतात, आई."

"असतील. पण गाठ सगळ्यांकडे नसते. ही मी मारलीय. लाल लोकर आहे ना?"

लाल लोकरच होती. आदल्या वर्षी आईनं तो मुरांबा केला होता, तेव्हाच तिला नीट दिसेनासं झालं होतं. पातेल्याची कड न दिसल्यामुळे तिनं बोटं भाजून घेतली होती. नेलिदानं ती बरणी डॉक्टरबाईंच्या परतफेडीच्या टोपलीत सगळ्यांत वर ठेवली होती. डॉक्टरबाईंनी ती उघडलीही नव्हती. कपाटात धूळ खात पडलेलं उचला आणि यंदाच्या टोपल्या भरा, असं त्यांनी घरच्या मोलकरणीला सांगितलं असणार. कुठलं कुणाकडून आलंय हे बघायची तसदी कोण घेतं?

नेलिदाला राग तसा रोजच यायचा. दवाखान्यात यायचा आणि घरी येताना पुलावर कुठेतरी ओसरायचा. हा राग वेगळा होता. तो आत शिरला, बूड टेकून बसला आणि पुन्हा उठला नाही.

"आई," ती म्हणाली, "टोपली खाल्लीच नाही तर काय होतं गं?"

"काय व्हायचंय? न खाल्लेली टोपली घेतलीच नाही असं धरतात. आमच्या खेड्यात एकीनं वर्षभर ठेवून तशीच नेऊन दिली होती, सगळ्या गावासमोर. त्या दोन घरांत अजून बोलणं नाही." आईनं एक रोस्केते उचललं. "का गं?"

नेलिदानं ते तिच्या हातातून अलगद काढून घेतलं. "मग ही आपण खायची नाही."

तिनं टोपली आढ्याला टांगली. मुंग्या उतरू नयेत म्हणून दोरीला रॉकेलची चिंधी बांधली. खाली ते दोघींचं एकच खोलीचं घर, एक टेबल, दोन खाटा. द्राक्षं सुकली, मग काळी पडून देठावर चिकटून राहिली. चीज आधी घाण वासानं घर भरून टाकत होतं, मग हिरवं झालं, मग आक्रसून दगड झालं. रोस्केत्यांना मात्र काही होईना. ते नुसते कडक कडक होत गेले, आणि गुलाबी साखरेतलं दवाखान्याचं नाव तसंच राहिलं.

महिनाअखेरीला ताटात पाणीच जास्त असायचं. आई चमचा फिरवत म्हणायची, "वर पाव टांगलाय आणि खाली आपण पाण्यात बटाटा शोधतोय. तुझा राग फार महाग आहे, पोरी."

"आहे," नेलिदा म्हणायची. "माझ्याजवळची तेवढीच एक महाग वस्तू."

जून सरत आला तेव्हा एका सकाळी आईनं विचारलं, उजाडलं का गं? ऊन तिच्या मांडीवर पडलं होतं. नेलिदानं हो म्हणून सांगितलं, तिला चहा दिला, तिचा हात धरून तिला दारापर्यंतची वाट दाखवली आणि ती कामावर गेली. त्या दिवशी एका बाईचं मूल आडवं आलं होतं, सगळी धावपळ होती. संध्याकाळी डॉक्टरबाईंनी तिचा खांदा थोपटला. "तू आहेस म्हणून मला काळजी नसते, कोमाद्रे," त्या म्हणाल्या. नेलिदा हसली. तिला डॉक्टरबाईंचा तो हात कोपरापासून मुरगाळावासा वाटला होता, आणि हे तिनं पुढे कधी लपवलंही नाही.

नोकरी मात्र तिनं धरून ठेवली. घरात दुसरं काही येत नव्हतं, आणि गावातल्या बाकीच्या दवाखान्यांच्या मालकांत डॉक्टरबाईंचा शब्द चालायचा. एकदा त्यांनी बोट दाखवलं की कुणी दारात उभं केलं नसतं.

नवीन वर्ष लागलं आणि डॉक्टरबाईंनी सगळ्यांना बोलावलं. त्यांना नगरपालिकेच्या निवडणुकीला उभं राहायचं होतं. यंदा कोमाद्रेंच्या मिरवणुकीत आपल्या दवाखान्याचा ताफा निघेल, सगळ्यांचे घागरे एकाच रंगाचे. मोठ्या चौकात मंडप आहे, टीव्हीवाले आहेत. तिथे तुम्ही एकेक करून मला टोपली द्यायची.

"घागरे कोण देणार?" झुल्मानं विचारलं. झुल्मा तेखेरिना ही सगळ्यांत तरुण. हातात डफ आला की समोरच्याची सालं काढणारी गाणी तिला जागच्या जागी सुचायची.

"कोमाद्रे," डॉक्टरबाई तिच्याकडे हात पसरून म्हणाल्या, "असा प्रश्न घरात विचारतात का?"

घागरे सहाजणींनी उधारीवर शिवून घेतले. शिंप्याकडे उभं असताना झुल्मा नेलिदाला मानानं 'दोन्या' लावून म्हणाली, "दोन्या नेली, तुम्ही एवढ्या गप्प कशा? मला वाटलं होतं, तुम्ही तरी काही बोलाल."

"बोलणार आहे," नेलिदा म्हणाली.

"कधी?"

"गुरुवारी."

झुल्मानं तिच्याकडे नीट पाहिलं.

गुरुवारी चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. बायका कानामागे सब्ज्याची फांदी खोवून, हातात डफ घेऊन नाचत होत्या आणि कडेला उभे असलेले पुरुष त्या दिवसापुरते निमूट होते. नेलिदानं आईला हाताला धरून आणलं होतं आणि मंडपाच्या बाजूला एका कट्ट्यावर बसवलं होतं. सकाळी आढ्यावरून टोपली काढताना आई म्हणाली होती, "अजून वेळ आहे. बाजारातून चार पाव घे आणि दे टाकून. नोकरी गेली तर काय खायचं?"

"आपण एक वर्ष काय खाल्लं?"

"पाणी आणि बटाटे."

"मग तेच."

तिनं टोपलीवर नवीन शाल घातली, झिरमिळ्या बांधल्या, चारी बाजूंनी ताजा सब्जा आणि गुलाब खोवले. वरून बघणाऱ्याला ती गावातली सगळ्यांत देखणी टोपली वाटली असती. बरणी तेवढी तिनं बाहेर काढून कमरेच्या शालीत गुंडाळून घेतली.

मंडपात डॉक्टरबाई गावरान पोशाखात, गोल हॅट घालून उभ्या होत्या. टीव्हीवाली मुलगी त्यांच्या तोंडासमोर माइक धरून उभी होती. सगळ्यांत जुनी म्हणून पहिला मान नेलिदाचा. डफ वाजले, ती टोपली डोक्यावर घेऊन नाचत पुढे गेली, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या कारण तिला नाचता चांगलं यायचं.

"ही माझी नेली," डॉक्टरबाई कॅमेऱ्याकडे बघत म्हणाल्या. "लोक म्हणतात, दवाखान्याच्या मालकिणी सहायिकांना पिळतात. माझ्याकडे सहायिकाच नाहीत हो. माझ्याकडे कोमाद्रे आहेत."

"पहिला घास घ्या ना, कोमाद्रे," नेलिदा गोड आवाजात म्हणाली. "सगळ्यांसमोर."

तिनं शालीचा कोपरा जरासा उचलला. डॉक्टरबाईंनी कॅमेऱ्यावरची नजर न काढता आत हात घातला, हाताला लागलेलं रोस्केते काढलं, हसऱ्या तोंडानं दातांत धरलं आणि चावलं. माइक जवळच होता. दगडावर दात आपटल्याचा आवाज चौकातल्या कर्ण्यांतून सगळ्या गावानं ऐकला.

डॉक्टरबाईंनी ते तोंडातून काढून हातात धरलं आणि पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. त्यावर त्यांच्याच दवाखान्याचं नाव होतं. नेलिदानं तेवढ्यात शाल ओढून बाजूला केली. काळी द्राक्षं, आक्रसलेली अंजिरं, हिरव्या दगडासारखं चीज, हात लावताच चुरा होणारी सब्ज्याची जुडी. पुढच्या रांगेतल्या बायकांनी नाकाला शाली लावल्या.

"हे काय आहे?" टीव्हीवाल्या मुलीनं विचारलं.

"यांनी मला मागल्या वर्षी दिलेली टोपली," नेलिदा माइकमध्ये म्हणाली. "बघून घ्या, डॉक्टरबाई, सगळं जसंच्या तसं आहे. मी त्यातला कण खाल्लेला नाही. वर्षभर घरात टांगलं होतं. आधीच्या टोपल्या मी फेडल्यात, ही एकच राहिली होती."

"नेली, कोमाद्रे, ही कसली थट्टा..."

"मी तुमची कोमाद्रे नाही. न खाल्लेली टोपली घेतलीच नाही असं आमच्याकडे धरतात, सगळ्या गावाला विचारा. तुम्ही म्हणता, मी तुमचं मीठ खाल्लं. उलट तुम्ही आमचा पगार खाल्लात. मी पगाराची वाढ मागितली होती तुमच्याकडे, माझ्या हक्काची. आईच्या डोळ्यांसाठी. ती तिथे बसलीय माझी आई, तिला विचारा आत्ता दिवस आहे की रात्र." तिनं कमरेची बरणी काढली. "एवढं एक मात्र टोपलीतून काढून घेतलंय. ते तुमचं नव्हतंच. माझ्या आईनं बोटं भाजून केलेला मुरांबा तुम्ही न उघडता मलाच परत पाठवलात."

माणसं कट्ट्याकडे वळून बघायला लागली. एलोदिया ताठ बसली होती, आवाज येत होता त्या बाजूला तोंड करून. कुणीतरी डॉक्टरबाईंच्या नावानं शिट्टी वाजवली. डॉक्टरबाईंनी माइक हातानं बाजूला सारला. त्या नेलिदाच्या अगदी जवळ आल्या.

"सोमवारी तोंड दाखवू नकोस," त्या दातांतल्या दातांत म्हणाल्या. "या गावात कुठेच तुला काम मिळणार नाही."

"सोमवारी येणार," नेलिदा म्हणाली. "राहिलेला सगळा पगार मागायला येणार. आधी तुमच्याकडे, मग कामगार कचेरीत. आता आपल्यात नातं नाही ना, मग व्यवहाराचं बोलायला हरकत काय?"

एवढं बोलून ती वळली. मागे पाचजणी ताज्या, रसरशीत टोपल्या घेऊन रांगेत उभ्या होत्या. त्यांनी आता पुढे जाऊन त्या डॉक्टरबाईंना दिल्या, की नेलिदा एकटी पडली आणि ही सगळी एका चक्रम बाईची आगळीक ठरली. डॉक्टरबाईंनाही ते कळलं. त्यांनी हॅट सारखी केली आणि दोन्ही हात पसरले. "ये, झुल्मा. ये, कोमाद्रे."

झुल्मा पुढे आली. तिनं टोपली एका काखेत घेतली, दुसऱ्या हातानं डफावर थाप मारली आणि खड्या आवाजात गायली:

"घास घ्या हो डॉक्टरबाई, पाव का हो चावेना?
पगार आमचा गिळताना तर दात मधे येईना."

चौक हसून लोटपोट झाला. झुल्मा पसरलेल्या हातांसमोरून निघून गेली आणि तिनं आपली टोपली नेलिदाच्या हातांत दिली.

"खा," ती म्हणाली. "लवकर खा, दोन्या नेली, माझा धीर सुटायच्या आत."

नेलिदानं एक द्राक्ष तोडून तोंडात टाकलं. तिला रडू फुटलं आणि तिनं ते पुसलं नाही. मग मागच्या रांगांतल्या बायकाही तेच दोन ओळींचं गाणं म्हणू लागल्या, आणि एकीमागून एक बाकीच्या चौघीही मंडपाच्या मधून नाचत आल्या. प्रत्येकीनं टोपली दिली, प्रत्येकीची नेलिदानं चव घेतली. डॉक्टरबाईंचे हात बराच वेळ पसरलेलेच होते. ते खाली कधी घ्यायचे हे त्यांना कळत नव्हतं, आणि कॅमेरा अजून चालू होता.

संध्याकाळी त्या एका खोलीच्या घरात पाच टोपल्या मावत नव्हत्या. दोन खाटांवर, दोन टेबलावर आणि एक दारात ठेवली होती. आढं रिकामं होतं. नेलिदानं बरणीवरची लाल लोकर सोडवली आणि पहिला चमचा आईच्या तोंडात घातला. आईनं तो बराच वेळ घोळवला.

"साखर कमी पडली होती," ती म्हणाली.

"चांगला झालाय."

"तुला काय कळतंय? अजून दे." आईनं दुसरा चमचा संपवला, मग हात लांब करून खाटेवरच्या टोपल्या एकेक चाचपल्या, आणि तिच्या लक्षात आलं. "नेली, पाचही जणींच्या टोपल्या खाल्ल्यास तू. पुढच्या वर्षी पाचही जड करून परत करायच्या. सोमवारी नोकरी राहते की जाते देव जाणे. एवढ्या टोपल्या कुणाच्या पैशानं भरणार आहेस, पोरी?"

नेलिदानं चमचा चाटून पुसून घेतला आणि बरणीत पुन्हा बुडवला.

"तिच्या," ती म्हणाली.